‘भ’ किती लांबून वाचता येतो?

गेल्या वर्षी आत्याला घेऊन एका मोठ्या सरकारी इस्पितळात गेलो होतो. केसपेपर काढला, डॉक्टरांनी तपासलं आणि एक्स-रे काढून आणा म्हणाले. बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात छताला निळ्या पाट्या टांगलेल्या होत्या. ॲक्रिलिकच्या, आतून दिवा असलेल्या, चांगल्या नव्याकोऱ्या. त्यातल्या एकीवर लिहिलं होतं ‘क्ष-किरणशास्त्र विभाग’. पाटी लहान, मजकूर लांब, म्हणून अक्षरं दोन्ही बाजूंनी दाबून बसवलेली. ‘क्ष’ची गाठ झालेली, ‘शा’ आणि ‘स्त्र’ आतल्या दिव्याच्या उजेडात एकमेकांत मिसळलेले. आत्या सातवी शिकलेली आहे, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. ती त्या पाटीच्या बरोबर खाली उभी राहून मला म्हणाली, “अरे, एक्स-रेचं कुठं लिहिलंय का बघ जरा.”

लिहिलं होतं. पण त्या पाटीवर नाही. तिच्याच खाली, भिंतीवर, वहीचा एक आडवा कागद चिकटपट्टीनं लावलेला होता. जाड स्केचपेननं, सुट्या मोकळ्या अक्षरांत: ‘एक्स-रे इकडे’, आणि एक बाण. मी दहा मिनिटं तिथं बाकावर बसलो होतो. येणारा प्रत्येक माणूस तो कागद वाचून वळत होता. वरच्या पाटीकडे एकानंही मान वर केली नाही. तो कागद तिथल्या एखाद्या सिस्टरनं किंवा मावशींनी लावला असणार. दिवसातून शंभर वेळा तेच उत्तर देऊन कंटाळलेल्या माणसाचं ते काम होतं. त्या बाईंना डिझाइन हा शब्द कुणी शिकवला नसेल, पण वाचणारा कोण आहे, कुठं उभा आहे आणि कुठला शब्द शोधतोय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पाट्यांवर मराठी असावी यासाठी महाराष्ट्रानं मोठी लढाई केली आणि ती योग्यच होती. पण पाटीवरची मराठी वाचता यावी, लांबून, घाईत, चष्म्याशिवाय, रात्री, पावसात वाचता यावी, ही मागणी आपण अजून केलेलीच नाही. ती करायला हवी, आणि ती सरकारकडे करायला हवी. असं काम जगात झालेलं आहे. कसं झालं, ते जरा तपशिलात बघण्यासारखं आहे.

१९५०च्या दशकात ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या पाट्यांची दशा आपल्यासारखीच होती. कुठं मोटार क्लबानं लावलेली, कुठं नगरपालिकेनं, कुठं सरकारी खात्यानं. प्रत्येकीचं अक्षर वेगळं, रंग वेगळा. हर्बर्ट स्पेन्सर या टायपोग्राफरनं, म्हणजे छापील अक्षरांची रचना करणाऱ्यानं, १९६१मध्ये लंडनच्या मार्बल आर्चपासून विमानतळापर्यंत प्रवास करून वाटेतल्या पाट्यांचे फोटो काढले आणि आपल्या नियतकालिकात छापले. नुसते फोटो एकापुढे एक ठेवल्यावर गोंधळ सिद्ध करायला वेगळा युक्तिवाद लागला नाही. आपल्याकडे कुणीतरी सायनपासून पनवेलपर्यंत असा प्रवास करावा असं मला फार वाटतं.

ब्रिटननं मोटारवे, म्हणजे वेगवान वाहनांसाठीचे महामार्ग, बांधायला घेतले तेव्हा, १९५७मध्ये, सरकारनं सर कॉलिन अँडरसन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. ताशी सत्तर मैलांनी जाणाऱ्या माणसाला वाचता येईल अशी पाटी त्यांना हवी होती. अँडरसन हे जहाज कंपनीचे मोठे अधिकारी. त्यांच्या बोटींवरच्या सामानाची लेबलं जॉक किनेअर या डिझाइनरनं करून दिली होती, गॅटविक विमानतळाच्या पाट्याही किनेअर यांच्याच. त्यांनी मदतीला आपली चेल्सी आर्ट स्कूलमधली विद्यार्थिनी घेतली: मार्गारेट कॅल्व्हर्ट, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये जन्मलेली, तेव्हा विशीतली. डिसेंबर १९५८मध्ये प्रेस्टन बायपास सुरू झाला, त्यावर त्यांच्या पहिल्या पाट्या लागल्या. पुढे बाकीच्या सगळ्या रस्त्यांसाठी सर वॉल्टर वरबॉइज यांची समिती आली आणि १ जानेवारी १९६५पासून नवी पद्धत देशभर लागू झाली. आजही तीच चालते.

त्या दोघांच्या अक्षराला ‘ट्रान्सपोर्ट’ म्हणतात. त्यातल्या तीन गोष्टी मला पुन्हा पुन्हा सांगाव्याशा वाटतात.

एक म्हणजे या अक्षराची दोन वजनं आहेत. गडद पाटीवरच्या पांढऱ्या अक्षरांसाठी हलकं, पांढऱ्या पाटीवरच्या काळ्या अक्षरांसाठी जाड. कारण हेडलाइटचा झोत पडला की पांढरं अक्षर फुगतं, त्याच्या कडा पसरतात आणि पोकळ्या बुजतात. म्हणून ते मुळातच बारीक ठेवायचं. दुसरी गोष्ट अंतराची. प्रत्येक अक्षर एका अदृश्य फरशीवर बसवलेलं होतं, त्यामुळे कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या कारागिरानं फरशीला फरशी लावली की शब्द बरोबर जमायचा. सगळी मापं अक्षराच्या रेषेच्या जाडीत मोजायची. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते: पाटीचा आकार मजकुरावरून ठरायचा. आधी गावाचं नाव, मग त्याला लागणारी अक्षरं, मग कडेची मोकळी जागा, आणि या सगळ्याची बेरीज म्हणजे पत्रा. आपल्याकडे याच्या बरोबर उलटं होतं. टेंडरमध्ये आधी पत्र्याचं माप ठरतं, दर चौरस फुटावर लागतो, आणि मग फ्लेक्सवाला संगणकावर, कोरल या सॉफ्टवेअरमध्ये, अक्षरांचा कोपरा धरून ती त्या मापात कोंबतो. आत्याला न वाचता आलेला ‘क्ष’ तिथंच चिरडला गेला होता.

हे सगळं त्यांनी नुसतं कागदावर ठरवलं नाही. ऑक्सफर्डशायरमधल्या बेन्सन इथल्या हवाई दलाच्या तळावर रस्ता संशोधन प्रयोगशाळेनं चाचण्या घेतल्या. हवाई दलातली माणसं एका चौथऱ्यावर बसवली आणि समोरून मोटारीवर लावलेल्या पाट्या त्यांच्याकडे चालवत आणल्या. नाव केव्हा वाचता आलं, ते अंतर मोजलं. डेव्हिड किंडर्सली नावाचे दगडावर अक्षरं कोरणारे एक मोठे कलावंत होते. त्यांना हे नवं अक्षर मान्य नव्हतं, त्यांनी स्वतःची सगळी मोठ्या लिपीतली (कॅपिटल), रेघांना टोकं असलेली (सेरिफ) अक्षरं पुढे आणली. त्या चाचण्यांत किंडर्सलींचं अक्षर किंचित सरस ठरलं. फरक अगदी थोडा होता, म्हणून निवड दिसण्यावर झाली आणि किनेअर-कॅल्व्हर्ट यांचं अक्षर राहिलं. आधुनिकतावादाचे भक्त हा भाग सांगायचा टाळतात. मला तो सांगणं जरुरीचं वाटतं. बिनटोकाचं, साधं, भूमितीतलं अक्षर म्हणजेच शास्त्रीय, अशी जी समजूत त्या काळानं पसरवली, तिला त्याच काळाच्या मोजमापानं दुजोरा दिलेला नाही. पण मोजलं गेलं, हे खरं. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना एका मैदानावर नेऊन, अनोळखी माणसांच्या डोळ्यांपुढे उभं केलं गेलं.

चित्रं कॅल्व्हर्ट यांनी काढली. शाळेजवळच्या जुन्या पाटीवर टोपी घातलेला मोठा मुलगा लहान मुलीला हाताला धरून नेत असे. त्यांनी ते उलटवलं: मुलगी पुढे, तिच्या हातात धाकट्या मुलाचा हात. ती मुलगी त्यांनी स्वतःच्याच लहानपणच्या फोटोवरून काढली. गुरांच्या पाटीवरची गाय नातेवाइकांच्या शेतावरच्या पेशन्स नावाच्या गायीवरून. २०२०मध्ये मुंबई महापालिकेनं दादरच्या सिग्नलवर चालणारी बाई दाखवली तेव्हा वर्तमानपत्रांत ती बातमी झाली. आनंदाची होतीच, पण ब्रिटनमधली मुलगी त्याआधी पंचावन्न वर्षं रस्ता ओलांडत होती, हेही लक्षात असावं.

आता आपल्याकडे. २०२२च्या दुरुस्तीनं महाराष्ट्रात सगळ्या दुकानांवर आणि आस्थापनांवर मराठी पाटी सक्तीची झाली: देवनागरी लिपीत, सुरुवातीला, आणि मराठी अक्षराचा आकार दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या बदलल्या. पण ‘आकार’ म्हणजे काय, हे मोजायचं कसं? रोमन मोठी अक्षरं पट्टीच्या तळापासून माथ्यापर्यंत सगळी उंची भरून टाकतात. देवनागरी शिरोरेषेला लटकते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. ‘मूर्ती’ हा शब्द आणि त्याचं रोमन रूप एकाच उंचीच्या पट्टीत बसवा. पट्टी सारखी, पण ‘म’च्या आणि ‘त’च्या वाट्याला जेमतेम निम्मी उंची येते. कायद्याचं पालन झालं, आणि मराठी तरीही लहानच राहिली. ज्यांनी हा कायदा आणला त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. त्यांना लिपी जाणणारा माणूस शेजारी बसवून घ्यायचं सुचलं नाही, एवढंच.

आणि हा तर दुकानांचा प्रश्न झाला. रस्ते, स्थानकं, इस्पितळं, न्यायालयं, तहसील कचेऱ्या इथली देवनागरी बघा. पुष्कळ ठिकाणी ती संगणकाबरोबर आलेला ‘मंगल’ फॉन्ट असते. मंगल हा र. कृ. जोशी यांच्या हातून घडलेला. पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवणारा, स्वतः कवी असलेला, देवनागरीवर आयुष्य वाहिलेला हा माणूस. पण मंगल झाला तो संगणकाच्या पडद्यावर, बारीक आकारात वाचण्यासाठी. तो आठ फुटी पत्र्यावर ताणून महामार्गावर लावणं हा त्या अक्षरावरही अन्याय आहे. वर शासनानं २००९मध्ये मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरवला. शासनाच्याच किती पाट्यांवर तो दिसतो, ते जाता-येता मोजून बघा.

देवनागरीची दुखणी रोमनपेक्षा वेगळी आहेत. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘ष’ आणि ‘प’, ‘थ’ आणि ‘य’ यांच्यात फरक करतो तो एक छोटा गोल, एक तिरकी रेघ किंवा एक उघडी फट. जाड अक्षर काढलं की तो गोल भरतो. रात्री हेडलाइटमध्ये चमकणाऱ्या पत्र्यावर तर नक्कीच भरतो. मग घाटाच्या आधीच्या पाटीवर ‘घ’ आहे की ‘ध’, हे ड्रायव्हर अक्षर वाचून ओळखत नाही, वाट माहीत असते म्हणून ओळखतो. ज्याला वाट माहीत आहे त्याला पाटी कशाला लागते? किनेअर आणि कॅल्व्हर्ट यांनी पांढऱ्या अक्षरासाठी वेगळं वजन आखलं, तसं देवनागरीसाठी महामार्गावर कुणी आखलेलं मला दिसलेलं नाही. अक्षरं आखणारी माणसं नाहीत असं कुणी म्हणू नये. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरं आखणाऱ्या संस्थेनं केलेला ‘मुक्त’ हा देवनागरी फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतो. कमी आहे ती मागणी करणाऱ्याची.

नुसतं चांगलं अक्षर आणून काम भागत नाही, हे न्यूयॉर्कनं दाखवलं. तिथल्या भुयारी रेल्वेनं १९६६मध्ये युनिमार्क या डिझाइन कंपनीला बोलावलं. मासिमो विग्नेली आणि बॉब नूर्दा ही त्यातली मुख्य नावं. नूर्दांनी त्याआधी मिलानच्या मेट्रोच्या पाट्या केल्या होत्या. त्यांनी प्रवासी कुठून येतो, कुठं थबकतो, कुठं वळतो हे बघितलं आणि नियम काढला: जिथं निर्णय घ्यायचा तिथंच माहिती द्यायची, त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही. नियम सुंदर होता. पण पाट्या बनवल्या रेल्वेच्याच कारखान्यानं, डिझाइनरांची देखरेख नसताना. आराखड्यात पाटी अडकवायची काळी पट्टी काढलेली होती. कारखान्यातल्या लोकांना ती पाटीचाच भाग वाटली आणि त्यांनी ती रंगवून टाकली. ती रेघ तिथल्या पाट्यांवर पांढऱ्या रूपात आजही आहे. ती निरुपद्रवी. खरं नुकसान झालं ते जुन्या पाट्या न काढल्यामुळे. नव्या आल्या, जुन्या राहिल्या, आणि प्रवाशाला दोन्ही वाचाव्या लागल्या. मग १९७०मध्ये बारीकसारीक सूचनांचं जाडजूड मॅन्युअल करावं लागलं.

आपल्या एखाद्या बसस्थानकात उभं राहून वर बघितलं की मला न्यूयॉर्कची ती सुरुवातीची वर्षं आठवतात. फलाट क्रमांकाची जुनी रंगवलेली पाटी, तिच्यावर आमदार निधीतून लागलेली नवी, तिच्या शेजारी बंद पडलेला डिजिटल बोर्ड, आणि या तिन्हींच्या पुढे वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स. जुनी काढायचं काम कुणाच्याच यादीत नसतं. नव्या पाटीचं बिल निघतं, जुनी काढल्याचं निघत नाही.

त्या फ्लेक्सवरून लंडनची आठवण द्यावीशी वाटते. तिथल्या भुयारी रेल्वेचं लाल वर्तुळ आणि निळी आडवी पट्टी जगभर ओळखली जाते. ती १९०८मध्ये आली ती एका साध्या अडचणीतून: स्थानकाच्या भिंती जाहिरातींनी भरलेल्या, त्यात स्थानकाचं नावच सापडेना. म्हणून नावामागे लाल चकती लावली, जाहिरातीपासून नाव वेगळं कळावं म्हणून. त्या रेल्वेचे अधिकारी फ्रँक पिक यांनी पुढे एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराकडून १९१६मध्ये खास अक्षर करून घेतलं, त्यातही हाच विचार होता. कॉर्पोरेट आयडेंटिटी या शब्दाचा आज बदनाम झालेला अर्थ तेव्हा नव्हता. कंपनीची ओळख प्रवाशाच्या सोयीतून घडत होती.

मुंबईच्या भुयारी मेट्रोत आपण आचार्य अत्रे चौक या स्थानकाच्या नावाआधी एका म्युच्युअल फंडाचं नाव लावलं. सिद्धिविनायकाच्या आधी विमा कंपनीचं. मेट्रोला पैसा लागतो, तिकीट स्वस्त ठेवायचं तर जाहिरात घ्यावी लागते, हे मला मान्य आहे. खांब द्या, डबे द्या, भिंती द्या. नाव देऊ नका. नाव हा पत्ता आहे. म्हातारा माणूस गाडीच्या खिडकीतून दोन सेकंदांत जे वाचतो ते नाव. त्याच्यापुढे जोडलेला प्रत्येक शब्द त्या दोन सेकंदांतून कापून घेतलेला असतो, आणि करार संपला की नाव पुन्हा बदलणार.

ब्रिटिश रेल्वेची गोष्ट इथं उपयोगी पडेल. १९६५मध्ये डिझाइन रिसर्च युनिट या संस्थेनं तिला नवं रूप दिलं. जेराल्ड बार्नी यांनी काढलेले ते दोन उलटसुलट बाण, आणि किनेअर-कॅल्व्हर्ट यांचंच दुसरं अक्षर, ‘रेल अल्फाबेट’. हेच अक्षर तिथल्या सरकारी इस्पितळांतही लागलं. त्याच काळात, तोट्यातले मार्ग बंद करा असं सांगणाऱ्या बीचिंग अहवालानंतर, हजारो मैलांचे मार्ग बंद होत होते, आणि नव्या खुणेनं एकही बंद स्थानक उघडलं नाही. डिझाइननं सेवा येत नाही. पण १९९०च्या दशकात रेल्वेचं खासगीकरण झालं, डझनावारी कंपन्यांनी गाड्या आपापल्या रंगात रंगवल्या, तरी स्थानकांवर आणि तिकिटांवर दोन बाण टिकले. ती खूण कुठल्या कंपनीची नव्हती, मालकी सरकारच्या वाहतूक मंत्र्यांकडे होती. प्रवाशाला कंपनी कुठली ते कळण्याची गरज नव्हती; इथं गाडी मिळते, एवढं कळलं की झालं.

मी हे बोलायला लागलो की मित्र म्हणतात, आपल्याकडे पाट्या कोण वाचतो, आपण विचारत विचारत जातो. खरं आहे, आणि त्यात माणुसकी आहे. “वीस नंबर वॉर्ड? या माझ्या मागून,” असं म्हणणारा कुणीतरी भेटतोच. पण विचारणं सगळ्यांना सारखं सोपं नसतं. रात्री दहा वाजता अनोळखी स्थानकावर उतरलेल्या मुलीला कुणाला विचारावंच लागू नये अशी सोय हवी. खेड्यातून पहिल्यांदा न्यायालयात आलेला माणूस काळ्या कोटाला वाट विचारायला घाबरतो. ज्याला ऐकू येत नाही तो विचारणार कसा? मेक्सिको सिटीनं १९६९मध्ये मेट्रो सुरू केली तेव्हा लान्स वायमन या डिझाइनरच्या देखरेखीखाली प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्र दिलं, कारण शहरातल्या पुष्कळांना वाचता येत नव्हतं. चापुल्तेपेक म्हणजे तिथल्या नाहुआत्ल भाषेत टोळांची टेकडी, म्हणून त्या स्थानकाला टोळाचं चित्र. निरक्षराचा असा मान आपणही राखला आहे, त्याच्याही आधी: १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत, मतपेट्यांवरच्या चिन्हांनी. मत देताना जो विचार केला तो वाट दाखवताना करायला काय हरकत आहे?

माझी मागणी मोठी नाही. राज्य सरकारनं एक छोटं, कायमचं कार्यालय करावं. त्यात लिपीकार, डोळ्यांचे डॉक्टर, एसटीचे निवृत्त चालक आणि इस्पितळातल्या मावशी असाव्यात. सार्वजनिक पाटीसाठी एक देवनागरी अक्षर दोन वजनांत करून घ्यावं, ते सगळ्यांना मोफत द्यावं, पाटीचं माप मजकुरावरून काढायचं कोष्टक टेंडरबरोबर जोडावं, आणि जुनी पाटी उतरवल्याशिवाय नव्या पाटीचं बिल काढू नये. ‘क्ष-किरणशास्त्र’ लिहायचं की ‘एक्स-रे’, हे मावशींना विचारावं.

आणि सगळ्यांत आधी चाचणी घ्यावी. एखादा न वापरला जाणारा रस्ता बघावा, शक्यतो जुलैत, रात्री, पाऊस असताना. वीस-पंचवीस चालकांना खुर्च्यांवर बसवावं, काही चष्म्याचे, काही चष्मा लागायला आलेले. समोरून जीपवर पाटी लावून हेडलाइटच्या उजेडात ती हळूहळू जवळ आणावी, आणि ज्याला वाचता येईल त्यानं हात वर करावा. मीटर टेपनं अंतर मोजावं, वहीत लिहावं. पहिली पाटी ‘भिवंडी’ची घ्यावी.